नाव वेगळं चालेल, स्पेलिंग सरळ हवं

बाळाच्या नावाबद्दल आलेल्या पत्रांची थप्पी बरीच वाढल्यामुळे या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. काही प्रश्न एकमेकांसारखे होते, ते एकत्र केले आहेत. इंग्रजी अक्षरांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. वाचताना एकदा कागदावर लिहून पाहिलीत तर मुद्दा लगेच कळेल.

मुलीचं नाव 'ऋचा' ठरलं. बारसं झालं, पालिकेतली नोंद बाकी आहे. आर, यू, सी, एच, ए या स्पेलिंगची बेरीज ८ येते आणि ८ हा शनीचा आकडा, म्हणून शेवटी आणखी एक 'ए' लावा, असं अंकशास्त्र बघणाऱ्या काकांनी सांगितलं. सासूबाईंना ते पटलंय. एका 'ए'ने असं काय बिघडणार? (बाळाची आई, पुणे)

आधी बेरीजच तपासू. काकांनी वापरलेलं कोष्टक 'कॅल्डियन' म्हणून ओळखलं जातं. त्यात आर २, यू ६, सी ३, एच ५, ए १. एकूण १७, म्हणजे ८. दुसरं तितकंच वापरलं जाणारं कोष्टक पायथागोरसच्या नावाने चालतं. त्यात आर ९, यू ३, सी ३, एच ८, ए १. एकूण २४, म्हणजे ६, आणि ६ शुक्राचा. तेच नाव, तीच अक्षरं. एकाकडे शनी, दुसऱ्याकडे शुक्र. ज्यादा 'ए' लावल्यावर पहिल्यात ९ येतात, दुसऱ्यात ७. त्यातून ऋचा म्हणजे वेदातला मंत्र. त्याची बेरीज रोमन अक्षरांनी करायची, हेही जरा गमतीचंच. सासूबाईंना हे दोन्ही हिशेब कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवा.

आता 'काय बिघडणार' याबद्दल. शेवटी लावलेलं मुकं अक्षर हा स्पेलिंगमधला सगळ्यात वाईट बदल, कारण ते ऐकू येत नाही. सुरुवातीला डबल 'ए' असेल तर लिहिणाऱ्याच्या निदान डोळ्यांत भरतो. शेवटचा जास्तीचा 'ए' टाइप करणारा माणूस सवयीने गाळतो. तो कागद बघत नसतो, ओळखीचं नाव कानाने लिहीत असतो. मग जन्मदाखल्यावर डबल, लसीकरणाच्या कार्डावर एकच, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पुन्हा एकच. माणसाला ही दोन्ही नावं एकच वाटतात. संगणक अक्षरं जुळवतो, त्याला ती दोन माणसं वाटतात. शाळेत विद्यार्थ्याचा 'अपार' हा कायमचा ओळख क्रमांक काढताना शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं, तिथे पालकांना पहिला हिसका बसतो. आणि आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करून मिळतं. त्यातली एक संधी पाचव्या वर्षी एका मुक्या 'ए'साठी खर्ची घालायची का, हे तुम्ही ठरवा.

'ऋ'चा प्रश्न मात्र खरा आहे. आपण तो 'रु' असा म्हणतो, हिंदी मुलखात 'रि' म्हणतात. म्हणून आपली ऋतुजा आर-यूने सुरू होते, आणि दिल्लीतली ऋतु आर-आयने. तुम्ही 'रुचा' असंच म्हणत असाल तर आर-यूच ठेवा. तिकडचे लोक 'रिचा' म्हणतील; पण कागदावर बघून म्हणायची वेळ आली की तुमच्यासारखंच म्हणतील.

कोणतंही स्पेलिंग पक्कं करण्याआधी ही चाचणी घ्या. नाव माहीत नसलेल्या पाच जणांना फोनवर एकदाच नाव सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. तिघांनी किंवा जास्त जणांनी जे लिहिलं ते स्पेलिंग. मग ते दुसऱ्या पाच जणांना दाखवून वाचायला लावा. दोन्हीकडून पास झालं की झालं. काकांचा मान राखायचाच असेल तर डबल 'ए' पत्रिकेवर आणि चांदीच्या वाटीवर कोरून घ्या. त्या वाटीला कुणी आधार मागत नाही.

मुलासाठी कुणाचंच नसेल असं नाव हवंय. संकेतस्थळांवरून रेयांश, अद्विक, कृशिव, शर्विल आणि अनय ही पाच काढली आहेत. सगळ्यांचे अर्थ 'तेजस्वी', 'अद्वितीय', 'दैवी' असे दिलेत. यातलं कोणतं ठेवावं? (होणारे बाबा, नाशिक)

त्या याद्यांवर जवळपास प्रत्येक नावाचा अर्थ तेजस्वी, दैवी किंवा विष्णू यांपैकी एक असतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. अर्थ तपासायची रीत अगदी साधी आहे. शब्द फोडा आणि दोन्ही तुकडे कोशात बघा. संस्कृतसाठी आपट्यांचा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थचा. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात फुकट शोधता येतात.

'रेयांश' फोडला तर 'रेय' आणि 'अंश'. संस्कृतात किरणाला 'रेय' म्हणत नाहीत. 'सूर्यकिरणाचा अंश' हा अर्थ इंग्रजीतल्या 'रे'वरून आलेला दिसतो. 'अद्विक'ची जोडणी 'अद्वितीय'सारखी ऐकू येते एवढंच. त्याच अर्थाचं खरं नाव हवं असेल तर 'अद्वय' आहे. सरळ, जुनं, आणि वर्गात दुसरा अद्वय सापडणं कठीण. 'शर्विल'मधला 'शर्व' म्हणजे शंकर, हे बरोबर. पुढचं 'इल' कुठून आलं कोण जाणे. 'कृशिव'मध्ये कृष्ण आणि शिव एकत्र आणायचा बेत दिसतो, पण हाताशी राहिला 'कृश', आणि कृश म्हणजे हडकुळा. बाळ वजनाने भरत नसेल तर आजी आधी हेच नाव बदलायला लावेल. मुलींची 'कृशा' आणि 'कृशांगी' याच घरातल्या. त्यातली कृशांगी निदान काव्यात सडपातळ म्हणून शोभते.

'अनय' हे पाचांतलं एकमेव नाव जे आपल्या परंपरेत आहे: मराठी गाण्या-गवळणींत तो राधेचा नवरा. पण कोश उघडला तर 'नय' म्हणजे नीती आणि 'अनय' म्हणजे अनीती, आपत्ती. शिवाय स्पेलिंगची अडचण: ए, एन, ए, वाय, ए. हेच स्पेलिंग मुलींच्या 'अनया'चं. यादी टाइप करणारा पुढचा रकाना नावावरून भरतो, आणि मुलगा मुलींच्या गटात जातो. शेवटचा 'ए' काढून टाकला तर काही जण 'अने' वाचतात. यावर चांगला तोडगा नाही.

अर्थशून्य नाव ठेवू नये असं काही आमचं म्हणणं नाही. कानाला गोड वाटलं म्हणून ठेवलं, हे कारण पुरेसं आहे. फक्त अर्थ सांगायची वेळ आली की खोटा अर्थ सांगू नका; मुलगा दहाव्या वर्षी स्वतः शोधतो.

आणखी एक खबरदारी: संस्कृतात एक अर्थ, मराठीत दुसरा, असे शब्द पुष्कळ आहेत. 'आर्जव' संस्कृतात सरळपणा, मराठीत विनवणी. 'राग' तर सगळ्यांना माहीतच आहे. आणि 'अनल' म्हणजे अग्नी, नाव भारदस्त. पण ते इंग्रजीत लिहून एकदा वाचा. मग ठेवणार नाही.

जुन्यातलं पण विरळ असं हवं असेल तर अबीर, निमिष, नीरव, अनघ, मुलींमध्ये इरा, रेवा, शर्वरी यांचा विचार करा. सगळ्यांचे अर्थ कोशात मिळतात.

नातीचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला. पंचांगात अक्षर 'ण' दिलंय. 'ण'वरून नाव कसं ठेवायचं? (आजोबा, चिपळूण)

ठेवता येत नाही, आणि ठेवायला नकोही. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, असे १०८ चरण. प्रत्येकाला एक अक्षर वाटून दिलेलं आहे. हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ आली. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ', उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. तिथेही हाच पेच. रिवाज असा की त्याच राशीतलं जवळचं अक्षर घ्यायचं. हस्त कन्या राशीत, आणि कन्येत 'प'ची रेलचेल: पा, पी, पू, पे, पो. मुळात नावरसाचं, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरचं नाव वेगळं आणि व्यवहाराचं वेगळं. धर्मशास्त्रात बाळाला चार नावं सांगितली आहेत: देवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि व्यवहारातलं. जन्मनोंदणीला यातलं चौथंच लागतं. नक्षत्राचं नाव कानात सांगा, पत्रिकेत लिहा.

आम्हा दोघांना मुलाला आडनाव लावायचं नाही. आडनावावरून लोक जात शोधतात. त्याचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, एवढंच हवं. चालेल का? पुढे काय अडतं? (आई-बाबा, छत्रपती संभाजीनगर)

चालेल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात आडनावाची सक्ती नाही. आईच्या नावाबद्दल तर आता तुमचीच बाजू भक्कम आहे: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने शासकीय कागदांवरचा क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा ठरला आहे. तुम्ही त्यातलं चौथं सोडताय, बस.

अडतं ते पासपोर्टपाशी. पासपोर्टवर दोनच रकाने: दिलेलं नाव आणि आडनाव. आडनावाचा रकाना रिकामा सोडता येतो, पण सोडू नका. अमेरिकेचा व्हिसा अशा वेळी सगळं नाव आडनावाच्या जागी टाकतो आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापतो, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर न घेण्याचं जाहीर केलं. तुमच्याकडे तीन शब्द आहेत, तेव्हा त्यांची वाटणी आत्ताच ठरवा: पहिल्या रकान्यात मुलाचं आणि आईचं नाव, आडनावाच्या रकान्यात वडिलांचं. किंवा उलट. जे ठरेल ते जन्मदाखल्यापासून शाळेपर्यंत एकाच क्रमाने. एका ठिकाणी 'मधलं नाव' आणि दुसऱ्या ठिकाणी 'आडनाव' म्हणून वडिलांचं नाव गेलं की पुढे जुळवाजुळव करत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट फार कमी लोक आधी बोलतात. तुम्ही आरक्षित प्रवर्गातले असाल तर मुलासाठी पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी लागेल. तिथे वंशावळ जुन्या कागदांवरच्या आडनावांनी जोडली जाते. आडनाव नसलं तरी जोडता येते, पण मुलाच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं त्यांच्या स्वतःच्या दाखल्यांप्रमाणे, आडनावासकट आणि अक्षरन् अक्षर तशीच असायला हवीत. हा रकाना नोंद करतानाच तपासा. मुलाच्या नावाकडे सगळे बघतात, पालकांच्या नावातली चूक तशीच राहून जाते.

ज्यांना चारही शब्द लावायचे आहेत त्यांच्यासाठी एक हिशेब. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात. त्यात आडनावानंतर दोन खुणा आणि प्रत्येक शब्दामध्ये एक. समजा, ज्ञानेश्वरी शर्मिष्ठा चंद्रशेखर देशपांडे. इंग्रजी अक्षरं मोजली तर १२, ११, १४ आणि ९, खुणांसह ५०. मावत नाही, शेवट कापला जातो. आईचं नाव वगळून ३८ होतात, एक जागा उरते. वरच्या भागात नाव पूर्ण छापलेलं असतं, त्यामुळे आभाळ कोसळत नाही. पण विमानाचं तिकीट आणि खालची ओळ यांत फरक दिसला की काउंटरवर थांबावं लागतं. आई-वडिलांची नावं लांब असतील तर बाळाचं आखूड ठेवा. त्याच ओळीत टिंब, स्वल्पविरामासारखी वरची खूण किंवा मात्रा बसत नाही. गोव्यातल्या डिसोझांना आडनावातल्या त्या वरच्या खुणेचा अनुभव आहेच. म्हणून हौसेने नावात अशी खूण किंवा जोडरेघ घालू नका.

जुळ्या मुलींची नावं 'आर्या' आणि 'आर्वी'. जोडी छान वाटते. नातेवाईक म्हणतात, घोळ होईल. (आत्या, लातूर)

नातेवाईक बरोबर आहेत. जन्मतारीख तीच, पालक तेच, पत्ता तोच, आडनाव तेच. दोन नोंदी वेगळ्या ओळखायला फक्त नाव उरतं, आणि त्यातही तुम्ही एक-दोन अक्षरांचाच फरक ठेवताय. संगणकाला दुसरी नोंद पहिलीचीच नक्कल वाटते, आणि लसीकरणाच्या नोंदीत एकीचा डोस दुसरीच्या नावे चढतो. आद्याक्षरंही सारखीच. यमक हवं असेल तर शेवटी ठेवा, सुरुवात वेगळी असू द्या: आर्या आणि सूर्या, मीरा आणि इरा.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो. बाळ इथेच होणार. मुलगी झाली तर 'जुई', मुलगा झाला तर 'वेद' असं मनात आहे. नाव अस्सल मराठी हवं, पण इथल्यांनी तोडमोड करू नये. (होणारे आई-बाबा)

ही दोन्ही नावं जर्मनाच्या तोंडी नीट बसणार नाहीत. जर्मन 'जे' म्हणजे 'य', तेव्हा जुईची 'युई' होईल. तुमचा 'ज' तर दंत्य, जाई-जुईतला. तो इंग्रजीतल्या 'जे'नेही दाखवता येत नाही. 'झेड' घालाल तर जर्मन 'त्सुई' म्हणेल आणि इंग्रज 'झुई'. शब्दाच्या सुरुवातीचा 'व्ही' जर्मन बहुतेकदा 'फ' वाचतो, म्हणजे वेद झाला 'फेद'. 'डब्ल्यू' लावलात तर जर्मनीत 'व' बरोबर येईल, पण भारतात सगळे विचारतील की हे काय स्पेलिंग.

तिथे राहणाऱ्यांनी ही अक्षरं लक्षात ठेवावीत. स्वराआधीचा 'एस' जर्मन 'झ'कडे झुकवतो. 'एस-एच' ही त्यांची जोडी नाही, ते 'श'साठी 'एस-सी-एच' लिहितात. 'आ' किंवा 'उ'नंतरचा 'सी-एच' घशातला 'ख' होतो. पहिल्या प्रश्नातली ऋचा तिथे 'रुखा' होईल. आपला 'ज्ञ' कुणालाच झेपत नाही. मराठीत आपण तो 'द्न्य' म्हणतो म्हणून डी-एन-वाय लिहितो. उत्तरेत 'ग्य' म्हणून जी-वाय. युरोपात डी-एन-वाय बघून माणूस तिथेच थांबतो. 'ळ' तर रोमनमध्ये नाहीच, 'ओंजळ'चं 'ओंजल' होणार हे धरूनच चालायचं. उरतात म, न, ल, र, त, क, द, ब आणि साधे स्वर. मीरा, तारा, इरा, नीला, मुलांत निनाद, अमोल, कबीर ही नावं दोन्हीकडे जवळपास तशीच उच्चारली जातात. 'मुक्ता'सुद्धा. यातली अर्धी नावं तुम्हाला साधी वाटतील, पण श्टुटगार्टच्या बालवाडीत 'निनाद' एकटाच असेल.

जुईवर जीव जडलाच असेल तर ठेवा. बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाईंना एकदा म्हणून दाखवा. दोन अक्षरी नाव लोक शिकतात. स्पेलिंग मात्र भारतातलंच, जे-यू-आय, त्यात जर्मनीसाठी वेगळी अक्षरं घालू नका. उच्चार सांगून सुधारतो, पासपोर्टवरचं अक्षर सांगून सुधारत नाही.

हेच दक्षिणेत राहणाऱ्या मराठी घरांनाही लागू आहे. बेंगळुरू-चेन्नईत 'त'साठी टी-एच लिहितात, म्हणून तिकडची लता टी-एचने असते. तुमचा 'अथर्व' तिथे 'अतर्व' वाचला जाऊ शकतो. स्पेलिंग बदलू नका, सांगत राहा.

आता कागद. जर्मनीत जन्मनोंद करताना नाव ठरलं नसेल तर एक महिन्याच्या आत कळवावं लागतं. बाराव्या दिवशी बारसं केलंत तरी बसतं. भारतीय नागरिकत्व हवं असेल तर भारतीय वकिलातीत जन्म एका वर्षाच्या आत नोंदवा. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. वकिलातीतलं नाव जर्मन दाखल्यावरच्या नावाशी जुळायला हवं, म्हणून वडिलांचं नाव मधे घालायचं का, हे जर्मन कार्यालयात जाण्याआधी ठरवा. तिथे 'मधलं नाव' नावाचा रकाना नसतो. जे लिहाल ते एकतर पहिल्या नावांत जाईल किंवा आडनावात.

मुलीचं नाव 'शर्वरी'. ऑनलाइन दाखल्यावर इंग्रजी बरोबर, मराठीत 'शार्वारी' आलंय. रुग्णालय म्हणतं, आम्ही बरोबर पाठवलं. आधारही त्यावरूनच निघालं. आता काय? (बाबा, कोल्हापूर)

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि तिचं कारण ठरलेलं आहे. रुग्णालय जन्मनोंदीचा नमुना बहुतेकदा इंग्रजीत भरतं; मराठी रकाना संगणकाच्या लिप्यंतराने भरला जातो. इंग्रजी 'ए' हा 'अ' की 'आ', 'आय' ऱ्हस्व की दीर्घ, 'एन' हा 'न' की 'ण', हे त्याला कळत नाही. म्हणून अर्णवचा अर्नव होतो आणि अदितीचा आदिति. (मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ, 'अदिती', 'अदिति' हे संस्कृत-हिंदी वळण.) नाव विरळ असेल तर कारकुनालाही चूक दिसत नाही. 'सुनीता' चुकलेली तो स्वतः दुरुस्त करतो, 'शर्वरी' जशी आली तशी सोडतो.

दुरुस्तीचा क्रम असा. आधी जन्मदाखला, मग आधार. उलट केलंत तर दोनदा फेऱ्या. जिथे जन्म झाला त्या भागाच्या निबंधकाकडे जायचं, राहत्या जागेच्या नव्हे: गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), शहरात पालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज, सोबत दाखल्याची प्रत, दोन्ही पालकांची ओळखपत्रं, आणि मिळाली तर रुग्णालयाने पाठवलेल्या नमुन्याची प्रत. ही प्रत हातात असेल तर ती लेखनिकाची चूक ठरते आणि काम लवकर होतं. ती नसेल आणि चूक तपशिलाची धरली गेली, तर खरी माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात.

कलम १५ चुकीसाठी आहे, मत बदललं त्यासाठी नाही. 'शर्वरी'ऐवजी आता 'ईश्वरी' हवं असेल तर निबंधक सहसा नकार देतो. मग राज्य राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते आणि पुढे प्रत्येक ठिकाणी मूळ दाखला आणि राजपत्र असे दोन कागद जोडत राहायचे.

ज्यांची नोंद व्हायची आहे त्यांच्यासाठी: जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्याच वेळी देण्याची सक्ती नाही. रुग्णालयातून घरी जायच्या गडबडीत, डिस्चार्जच्या कागदांसोबत पुढे आलेल्या नमुन्यावर नाव लिहू नका. नावाशिवाय नोंद होऊ द्या. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र फार लांबवू नका: १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, आणि शाळाप्रवेशालाही तोच मागतात. नाव द्यायला जाताना एका कोऱ्या कागदावर ते मोठ्या अक्षरांत मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहून न्या. तोंडी सांगू नका. पडद्यावर टाइप झालेलं दोन्ही लिप्यांत वाचा, आई-वडिलांच्या नावांसकट, मगच हो म्हणा.

तुमच्या आधारबद्दल: मुलगी पाच वर्षांखालची असेल तर तिचं निळं बाल आधार आहे, त्यात बोटांचे ठसे नाहीत. दुरुस्त दाखला घेऊन केंद्रावर जा आणि मराठी नाव दुरुस्त करून घ्या. ऑपरेटरच्या पडद्यावर मराठी ओळ पुन्हा आपोआप भरली जाते, तेव्हा ती हाताने बदलायला सांगा. नाहीतर दुसऱ्यांदाही 'शार्वारी'च छापून येईल. जुन्या दाखल्याची एक प्रत फाइलमध्ये राहू द्या; लसीकरणाच्या नोंदीत आणि शिधापत्रिकेवर जुनं नाव गेलं असेल तर ते दुरुस्त करताना लागेल.